डाळिंबाचे दाणे आणि कार्ल्याचे खांब



पुणे-लोणावळा लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींच्या हातात मोबाइल असतो, यात आता नवल राहिलेलं नाही. पण अलीकडे त्या मोबाइलच्या जोडीला कधी कधी एखादी जाडजूड इंग्रजी कादंबरीही दिसते. मुखपृष्ठ काळं किंवा गडद जांभळं, वर सोनेरी अक्षरं आणि बरेचदा एक फुटलेलं डाळिंब. काय वाचतेस म्हणून विचारलं तर उत्तर येतं, 'ग्रीक देवांची लव्ह स्टोरी आहे.' माझी भाची तळेगावहून रोज पुण्याला जाते. तिच्याकडे अशी चार पुस्तकं आहेत. घरातल्या मोठ्यांचे त्यावर दोन आक्षेप असतात. पहिला, 'त्यापेक्षा परीक्षेचं वाच.' दुसरा, 'आपल्याकडे काय गोष्टी कमी पडल्या, म्हणून ग्रीकांच्या दारात जायचं?' पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, आणि ते मावळात राहणाऱ्या माणसाला जरा जास्त सोपं जातं.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंतचं. तेव्हा संशोधकाचा आव न आणता आज तीन गोष्टी सांगणार आहे. ही पुस्तकं मुळात काय आहेत, पंधरा ते अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना ती का आवडतात, आणि आपल्या मावळाचा ग्रीकांशी संबंध काय.

ही लाट कशी आली

अमेरिकेतले लेखक रिक रायर्डन यांचं 'पर्सी जॅक्सन' मालिकेतलं पहिलं पुस्तक २००५ साली आलं. त्यांच्या मुलाला अक्षरं वाचताना अडचण यायची, लक्ष एका जागी ठरायचं नाही. ग्रीक पुराणकथा मात्र त्याला आवडायच्या. त्या सांगून संपल्या तेव्हा वडिलांनी झोपताना सांगायला नवी गोष्ट रचली. न्यूयॉर्कमधला बारा वर्षांचा मुलगा, त्यालाही शाळेत तीच अडचण. आणि एक दिवस त्याला कळतं की आपले वडील म्हणजे समुद्राचा देव पोसायडन. शाळेत 'ढ' ठरलेला मुलगा अर्धा देव निघतो, यातच त्या पुस्तकाचं यश आहे. २०१० मध्ये त्यावर चित्रपट निघाला, २०२३ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली.

ही पुस्तकं वाचलेली मुलं मोठी झाली आणि त्यांना त्याच देवांच्या प्रेमकथा हव्याशा वाटू लागल्या. २०११ च्या सुमारास तरुणांसाठी अशा कादंबऱ्या एकामागून एक आल्या. त्याच वर्षी मॅडलिन मिलर यांची 'द साँग ऑफ अकिलीज' प्रसिद्ध झाली. मिलरबाई लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्या शिक्षिका. ट्रोजन युद्धातला वीर अकिलीज आणि त्याचा जिवलग पॅट्रोक्लस यांच्या प्रेमाची ही कादंबरी लिहायला त्यांना दहा वर्षं लागली. तिला २०१२ चं ऑरेंज पारितोषिक मिळालं. आणखी आठ-नऊ वर्षांनी मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींमधून मुलामुलींनी रडत रडत तिची शिफारस केली आणि ती पुन्हा हातोहात खपली. २०१८ पासून न्यूझीलंडच्या रेचल स्माइद यांनी 'लोअर ऑलिम्पस' ही चित्रकथा आठवड्या-आठवड्याला इंटरनेटवर काढली. २०२४ पर्यंत ती चालली, आणि अमेरिकेतला चित्रकथांसाठीचा मानाचा आयस्नर पुरस्कार तिने २०२२ मध्ये मिळवला.

या चित्रकथेचा विषय पर्सेफनी आणि हेडीस. मुखपृष्ठावरचं डाळिंब त्यांचंच. म्हणून ही एक गोष्ट आज नीट सांगतो. ती कळली की बाकीची पुस्तकं कशी चालतात हेही कळतं.

पाताळाची राणी

पिकापाण्याची देवी डिमिटर. तिची मुलगी पर्सेफनी. मुलगी मैत्रिणींबरोबर कुरणात फुलं वेचत असते. एक विलक्षण सुंदर फूल तिला दिसतं, ती हात पुढे करते, तोच जमीन दुभंगते आणि मृतांच्या राज्याचा राजा हेडीस रथातून वर येतो. तिला उचलतो आणि पाताळात नेतो. ती ओरडते. पण ज्याने धावून यायचं तो तिचा बाप, देवांचा राजा झ्यूस, याने हे लग्न आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आई नऊ दिवस हातात मशाली घेऊन मुलीला शोधत फिरते. अन्न नाही, पाणी नाही. खरं काय ते कळल्यावर ती म्हातारीचं रूप घेऊन माणसांत येऊन बसते आणि पेरलेलं काही उगवू देत नाही. माणसं उपाशी मरू लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडतात. तेव्हा कुठे झ्यूस हलतो. देवांचा निरोप्या हर्मिस पाताळात जातो. हेडीस मुलीला सोडायला तयार होतो, पण निघता निघता तिला डाळिंबाचा दाणा खायला घालतो. पाताळातलं अन्न ज्याने खाल्लं त्याला तिथे परतावंच लागतं. शेवटी तोडगा निघतो. वर्षाचा एक हिस्सा ती पाताळात राहील, उरलेले दिवस आईकडे. मुलगी आईकडे आली की जमीन फुलते, ती गेली की उजाड होते.

ही कथा सांगणारं जुनं ग्रीक स्तोत्र सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या कानांना त्यात काय ऐकू येतं पाहा. सासर आणि माहेर! जात्यावर बसून आपल्या बायकांनी शेकडो वर्षं हेच गायलं. भाद्रपदात गौरी तीन दिवस माहेरी येते आणि डोळ्यांत पाणी ठेवून परत जाते. मावळात पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत डोंगर हिरवे होतात, भाताची रोपं वर येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तोच डोंगर करपून तपकिरी होतो. लेक आली, लेक गेली. ही कथा समजायला आम्हाला ग्रीसला जावं लागत नाही.

आता नवे लेखक काय करतात? पाताळ, काळा राजा, डाळिंब हे सगळं ते ठेवतात. देवसुद्धा ठेवतात, फक्त त्यांना आधुनिक शहरात, गाड्या-मोबाइलसकट बसवतात. बदलतात ती एक गोष्ट. जुन्या कथेत पर्सेफनीला कुणी काही विचारलेलं नाही. बापाने विचारलं नाही, राजाने विचारलं नाही, तोडगा काढणाऱ्यांनीही विचारलं नाही. नव्या बहुतेक पुस्तकांत तिला विचारलं जातं, किंवा ती स्वतःच्या पायांनी पाताळात उतरते. दाणे ती जाणूनबुजून खाते. कुणाच्या डावाला फसून नाही, परतायचं आहे म्हणून.

एवढा एक बदल केला की अपहरणाची गोष्ट प्रेमकथा होते. मग बाकीचंही बदलावं लागतं. हेडीसला आता तिच्या लायकीचं व्हावं लागतं, तिच्या 'नाही'चा मान ठेवावा लागतो. आईची मायासुद्धा तपासली जाते. मुलीवर इतकं प्रेम करणारी आई तिला मोठं होऊ देते का, हा प्रश्न या पुस्तकांत हटकून येतो. माझी बहीण या पुस्तकांवर नाराज का, हे मला तिथे उमगलं. भाचीने ते पान आईला वाचून दाखवलं होतं.

विचारलं, पण कसं विचारलं?

पंधरा-सोळाव्या वर्षी माणसाला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट कोणती? आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याला न विचारता होतात ही. कोणती शाखा, कोणतं कॉलेज, किती वाजता घरी, कुणाशी बोलायचं. मुलींच्या बाबतीत तर पुढे लग्नही. म्हणून 'मला कुणी विचारलं का?' हा प्रश्न या वयाला विजेसारखा लागतो. देवांच्या कथेत तो विचारला की प्रश्नाला उंची येते आणि घरात भांडण न होता विचारताही येतो.

आमच्या निकाहात मुलीला विचारावंच लागतं. निकाह हा करार आहे, दोघांच्या कबुलीशिवाय तो होत नाही. वकील आणि दोन साक्षीदार मुलीपाशी जातात, मुलाचं नाव आणि मेहेरची रक्कम सांगतात आणि 'कबूल आहे का' म्हणून विचारतात. नियम किती सुंदर आहे! पण मी अशा खोल्यांतून वकील म्हणून गेलो आहे. मुलगी मान खाली घालून बसलेली असते. भोवती पंचवीस बायका, बाहेर जेवणाचे डेग चढलेले, पाहुणे बसलेले. त्या क्षणी ती 'नाही' कशी म्हणणार? एकदा मुलगी काही बोललीच नाही, नुसती रडली. मागून एक वडीलधारी बाई म्हणाली, 'रडली म्हणजे हो.' मी तेव्हा थांबलो. मुलीच्या आजीला जवळ बसवून पुन्हा हळू विचारलं, आणि तिच्या तोंडून शब्द ऐकल्यावरच बाहेर आलो. बाहेर काहींना तो उशीर रुचला नाही. पर्सेफनीच्या तोंडात दाणा कसा गेला असेल, याचं चित्र मला त्या खोलीमुळे दिसतं.

आपल्या पुराणांतही दोन्ही तऱ्हा आहेत. महाभारतातली सावित्री स्वतः रथात बसून नवरा शोधायला निघते, सत्यवानाला निवडते. तो वर्षभरात मरणार असं नारद सांगतात, तरी निवड बदलत नाही. आणि त्याच महाभारतात ययातीची मुलगी माधवी आहे. गालवाला गुरुदक्षिणेसाठी घोडे हवेत म्हणून बाप तिला देऊन टाकतो आणि ती एका राजाकडून दुसऱ्याकडे फिरवली जाते. तिला कुणीही विचारत नाही. शेवटी बाप तिचं स्वयंवर मांडतो, तेव्हा ती जमलेल्या राजांपैकी कुणालाही न वरता रानाला वरते. हे वाचल्यावर ग्रीक वाईट आणि आपण चांगले, किंवा उलट, असं म्हणायला जागा राहत नाही.

एकाच सापाचा दंश

सारखेपणा इथेच संपत नाही. मी कवी, म्हणून ग्रीकांचा ऑर्फियस माझा विशेष लाडका. तो गायला लागला की झाडं जवळ सरकत. त्याची नवपरिणीत बायको युरिडिसी साप चावून मरते. तो तिच्यामागे पाताळात जातो, हेडीस आणि पर्सेफनी यांच्यासमोर गातो. दोघं विरघळतात. 'ने तिला, पण वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहू नकोस.' तो अगदी शेवटी वळतो आणि ती कायमची जाते.

आता महाभारताच्या आदिपर्वातला रुरू पाहा. त्याची प्रमद्वरा लग्नाच्या तोंडावर साप चावून मरते. इथेही सापच! रुरू रानात जाऊन आक्रोश करतो. देवदूत सांगतो, 'तुझं अर्धं आयुष्य देशील तर ती उठेल.' तो तिथल्या तिथे देतो आणि ती झोपेतून उठावी तशी उठते. तिसरी सावित्री. ती गात नाही, आयुष्यही तोडून देत नाही. ती यमाच्या मागोमाग चालत राहते आणि बोलत राहते. यम एकेक वर देत जातो आणि शेवटी शब्दात सापडतो. बायकोसाठी एकाने गाणं दिलं, एकाने आयुष्य दिलं आणि नवऱ्यासाठी एकीने बुद्धी लावली. वटपौर्णिमेला आपण तिचं व्रत आठवतो, तिचा युक्तिवाद मात्र क्वचितच आठवतो.

आणखी एक जोडी सांगतो. लॅटिनमध्ये अपुलियसने लिहून ठेवलेल्या कथेत सायकीचा नवरा रात्रीच येतो आणि 'माझं रूप पाहायचं नाही' अशी अट घालतो. ती दिवा लावून पाहते, तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि तो निघून जातो. आपल्याकडे उर्वशीने पुरूरव्याला अट घातली होती की तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांनी वीज चमकवली, त्या उजेडात तो दिसला आणि ती गेली. दोन्हीकडे प्रेम अंधारात नांदतं आणि उजेड पडला की मोडतं. परवाच्या इंग्रजी कादंबऱ्यांतला तो गूढ, चेहरा लपवणारा नायक या सायकीच्या नवऱ्याचाच नातू आहे.

यवन म्हणजे कोण?

आता मावळाकडे येऊ. मळवली स्टेशनला उतरलं की एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. कार्ल्याला लोक जातात ते एकवीरा आईच्या दर्शनाला. कोळी, आगरी बांधव चैत्रात पालख्या घेऊन येतात. पांडवांनी एका रात्रीत हे खोदलं, असंही ऐकायला मिळतं. त्या देवळाच्या शेजारीच सुमारे १२४ फूट लांबीचं चैत्यगृह डोंगरात कोरलेलं आहे. आत दोन्ही बाजूंना नक्षीदार खांबांच्या रांगा आहेत, एका बाजूला पंधरा. त्या खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. याच लेण्यातल्या लेखांत 'मामल' हे नाव येतं, तेच आपलं मावळ.

या खांबांपैकी काही यवनांनी दिलेले आहेत. धेनुकाकट गावचा सिहधय नावाचा यवन, त्याच गावचा धम्म नावाचा यवन, अशी नोंद दगडावर आहे. यवन म्हणजे मुळात ग्रीक. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रदेश होता. इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणत, अशोकाच्या लेखांत 'योन' आहे, संस्कृतात 'यवन'. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कुणालाही यवन म्हणू लागले. त्यामुळे कार्ल्याचे सगळे यवन अस्सल ग्रीकच होते असं कुणी छातीठोक म्हणत नाही. पण ते समुद्राच्या वाटेशी जोडलेले, इथे रुळलेले, इथली नावं घेतलेले आणि इथल्या भिक्खूंसाठी खांब देणारे लोक होते, एवढं दगड सांगतो. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिल्याची नोंद आहे.

'यवन' या शब्दाशी माझं जुनं भांडण होतं. बखरींमध्ये आणि त्यांच्यावर बेतलेल्या नाटकांमध्ये यवन म्हणजे मुसलमान. लहानपणी वर्गात तो शब्द वाचला जायचा तेव्हा चार-पाच डोकी माझ्याकडे वळायची. कॉलेजात असताना एका प्राध्यापकांबरोबर कार्ल्याला गेलो आणि त्यांनी खांबावरचा तो शब्द बोटाने दाखवला. तिथे यवन हा शब्द शिवी नव्हता, दात्याच्या गावा-नावासारखी साधी ओळख होती. त्या दिवसापासून तो शब्द मला टोचत नाही. आणि गंमत अशी की त्याच आयोनियाला अरबीत, फारसीत आणि आमच्या घरच्या दखनीत 'यूनान' म्हणतात. आमचे हकीमसाहेब देत ते 'युनानी' औषध त्याच गावचं. अम्माच्या गोष्टींत सिकंदर अमृताचा झरा शोधत अंधारात जायचा, तोही यूनानकडचाच. प्लेटोला अरबांनी 'अफलातून' केलं आणि आपण मराठी माणसं एखादी मिसळ फार आवडली की तिलाही अफलातून म्हणतो.

भाज्याच्या विहारात ओसरीवर एक शिल्प आहे. चार घोड्यांचा रथ, आत एक पुरुष आणि दोन स्त्रिया, चाकांखाली अक्राळविक्राळ देह. बहुतेक अभ्यासक त्याला सूर्य मानतात. आपल्या पुढच्या काळातल्या सूर्याला सात घोडे; ग्रीकांच्या सूर्याला, हेलिओसला, चार. बाईचं मस्तक आणि पशूचं धड असलेली आकृतीही कार्ल्याच्या एका खांबाच्या माथ्यावर आहे, तिला अभ्यासक स्फिंक्स म्हणतात. आणि पर्सी जॅक्सनच्या वडिलांना भेटायचं असेल तर कोल्हापूरला जावं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात जुन्या वस्तूंबरोबर पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली. समुद्राचा तो देव आता टाऊन हॉलच्या संग्रहालयात, पंचगंगेच्या गावी मुक्कामाला आहे. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, 'मामू, हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं?'

एक शब्द अजून. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेसाठी सुरुंग लावून डोंगर फोडला, १८६३ मध्ये गाडी घाटातून धावली. हा 'सुरुंग' शब्द संस्कृत 'सुरुंगा' वरून आला आणि तो मूळच्या ग्रीक 'सिरिंक्स' वरून, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. सिरिंक्स म्हणजे नळी, बोगदा. ग्रीक पुराणात सिरिंक्स नावाची एक वनकन्याही आहे. पॅन हा शिंगं असलेला देव तिच्यामागे लागला. तिला तो नको होता. ती पळाली, नदीशी येऊन अडली आणि हातात सापडण्याआधी वेळूचं बेट झाली. पॅनने ते वेळू कापून त्यांची बासरी केली. 'नाही' म्हणणाऱ्या मुलीचा आवाजही त्याने वाजवायला घेतला. आपण रोज ज्या घाटातून जातो तिथल्या एका शब्दात ही मुलगी लपली आहे, हे मला तरी विसरता येत नाही.

मराठीत काय आहे, काय हवं

ग्रीक कथा मराठीला नवीन नाहीत. पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणलं. त्याआधी १९७५ मध्ये त्यांची 'ती फुलराणी' रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरांत पोहोचली. ते नाटक बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतलेलं, आणि पिग्मॅलियन हा ग्रीक कथेतला शिल्पकार. तो एका पुतळ्याच्या प्रेमात पडतो, देवी पुतळ्यात प्राण घालते आणि लग्न होतं. त्या पुतळ्याला कुणी विचारलं नव्हतं. शॉने विचारलं, म्हणून त्याची एलायझा आणि आपली मंजुळा उलट बोलते. म्हणजे आजच्या कादंबऱ्या करतात तेच काम मराठी प्रेक्षकांनी पन्नास वर्षांपूर्वी टाळ्या वाजवून स्वीकारलेलं आहे.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. तिच्यात देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलामुलींनी सोळाव्या वर्षी ती पांघरुणात बॅटरी लावून वाचली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी यांना थेट प्रश्न विचारले. तेव्हा 'पुराणातल्या प्रेमकथा मुलांनी कशाला वाचायच्या' असं म्हणणाऱ्यांनी आपल्या कपाटातली पुस्तकं आधी तपासावीत.

पण एक उणीव आहे, आणि ती मोठी आहे. 'फास्टर फेणे'चं वय संपतं आणि 'ययाति'चं वय अजून आलेलं नसतं, त्या मधल्या चार-पाच वर्षांसाठी मराठीत फार थोडं लिहिलं जातं. त्या वयातली मुलगी प्रेमाचा पहिला विचार कोणत्या भाषेत करते? आज ती तो इंग्रजीत करते, कारण तिच्याशी त्या विषयावर बोलणारं पुस्तक इंग्रजीत आहे. सासर, माहेर, ओढ, रुसवा असे शब्द असलेली भाषा घरात असताना तिने 'नाही' म्हणायला आणि 'हो' म्हणायला परक्या भाषेत शिकावं, हे मला कवी म्हणून लागतं.

असं पुस्तक मराठीत लिहायचं तर सामान तयार आहे. धेनुकाकटचा एखादा तरुण यवन, समुद्रावरून आलेल्या आजोबांचे देव ओठांवर आणि इथली प्राकृत जिभेवर असलेला. लेण्यावर काम करणाऱ्या पाथरवटाची मुलगी. बोरघाटातून वर चढणारे बैलांचे तांडे, चार महिन्यांचा मावळी पाऊस, डोंगरातल्या मावळाया. ती त्याला सावित्रीची गोष्ट सांगेल, तो तिला पर्सेफनीची. आणि मग ती विचारेल, 'पण तुमच्या त्या मुलीला कुणी विचारलं होतं का?' यापुढची कादंबरी एखाद्या विशीतल्या लेखकाने किंवा लेखिकेने लिहावी. माझ्या वयाच्या माणसाने ती लिहू नये. वाचायला मात्र मी रांगेत पहिला उभा राहीन.

पालकांना एक व्यवहाराची सूचना. मुखपृष्ठ सारखं दिसलं तरी यातली सगळी पुस्तकं एका वयासाठी नसतात. काही शाळकरी मुलांसाठी, काही सोळा-सतरा वर्षांच्या पुढची, काही तर पूर्ण प्रौढांसाठी लिहिलेली असतात. विकत घेण्याआधी दहा पानं चाळून पाहावीत. त्यातल्या काहींमध्ये नायकाची दांडगाई आणि मालकी हक्क प्रेम म्हणून खपवलेला असतो. तिथे अपहरण गेलेलं नसतं, फक्त त्याला चांगले कपडे चढवलेले असतात. हे मुलींना कळत नाही असं नाही. त्यांच्याशी बोललं तर त्याच आधी दाखवून देतात. माझ्या भाचीने मला तिच्या चार पुस्तकांपैकी दोन 'वाईट' म्हणून बाजूला काढून दाखवली आणि कारणंही दिली. दोन्ही कारणं मला पटली.

म्हणून पुस्तक काढून घेऊ नका. ते वाचून झालं की शेवट काय झाला ते विचारा, आणि तिला तो शेवट पटला का तेही विचारा. तिचं उत्तर शांतपणे ऐकून घ्या. घरात अशा लहान गोष्टींबद्दल तिला विचारायची सवय लागली, तर पुढे मोठ्या गोष्टी ठरवायची वेळ येईल तेव्हा विचारणं नुसतं रिवाजापुरतं राहणार नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)